एका पुरस्काराची यादी, एका देशाची गोष्ट

जानेवारी महिना उजाडला की सर्बियातल्या वाचकांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : यंदाचा 'निन' कोणाला? 'निन' हे बेलग्रेडमधून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे नाव. तीन सर्बियन शब्दांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे आणि त्यांचा अर्थ अगदी साधा, 'आठवड्याचे बातमीपत्र' असा आहे. हे साप्ताहिक दरवर्षी एका कादंबरीला पुरस्कार देते. कवितेला नाही, कथेला नाही, नाटकाला नाही. फक्त कादंबरीला, आणि तीही आदल्या वर्षात प्रथमच प्रसिद्ध झालेल्या. समीक्षकांचे एक मंडळ वर्षभरातल्या कादंबऱ्या वाचते, आधी मोठी यादी लावते, मग लहान यादी लावते आणि जानेवारीत एक नाव जाहीर करते. त्या दिवसापासून ते पुस्तक दुकानाच्या दर्शनी फळीवर येते, ग्रंथालयात त्यासाठी नंबर लागतात आणि ज्यांनी ते अजून वाचलेले नसते तेही त्यावर हिरिरीने वाद घालू लागतात.

आता कोणी म्हणेल, दूरच्या सर्बियातल्या पुरस्काराशी आपल्याला काय करायचे आहे? पण तो देश आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या वडीलधाऱ्या पिढीने मार्शल टिटोंचे नाव नेहरूंच्या आणि नासर यांच्या नावांबरोबर ऐकलेले आहे. टिटो १९५४ च्या डिसेंबरात भारतात आले होते, आणि अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ च्या सप्टेंबरात भरली ती बेलग्रेडलाच. त्या देशाचे राजकारण आपण वर्तमानपत्रांतून वाचत होतो. त्या देशातली माणसे स्वतःबद्दल काय लिहीत होती, हे मात्र आपल्यापर्यंत फारसे आले नाही. 'निन' पुरस्काराची यादी सत्तर वर्षांची आहे. ती वरून खाली वाचत गेले तर एक देश कसा उभा राहिला, त्याने काय लपवले, काय कबूल केले आणि तो कसा मोडला, हे त्या यादीत दिसते. मला आज त्या यादीबद्दलच बोलायचे आहे. या बोलण्यात जी वर्षे येतील ती कादंबरीच्या प्रकाशनाची आहेत, हे आधीच सांगतो. पुरस्कार जाहीर व्हायचा तो पुढच्या वर्षीच्या आरंभी.

सुरुवात १९५४ सालापासून करू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युगोस्लाव्हिया हे सहा प्रजासत्ताकांचे संघराज्य म्हणून नव्याने उभे राहिले. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, मॉन्टेनेग्रो आणि मॅसेडोनिया ही ती सहा प्रजासत्ताके. सत्ता कम्युनिस्ट पक्षाची होती. पण १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचे बिनसले, आणि त्या भांडणाचा एक अनपेक्षित लाभ साहित्याला झाला. मॉस्कोचे सगळेच नाकारायचे ठरल्यावर मॉस्कोने घालून दिलेला 'समाजवादी वास्तववाद' तरी का पाळायचा? क्रोएशियाचा थोर लेखक मिरोस्लाव्ह क्रलेझा याने १९५२ मध्ये ल्युब्लियाना येथील लेखकांच्या मेळाव्यात हा साचा उघडपणे झिडकारला. कारखान्याची आणि धरणाची स्तोत्रे गाणे म्हणजेच साहित्य, ही सक्ती तिथून सैल झाली. याच सुमारास, १९५१ मध्ये, 'निन' साप्ताहिक नव्याने निघू लागले होते. १९३५ मध्ये त्याचा पहिला अवतार झाला होता, पण तो अल्पायुषी ठरला. या दुसऱ्या अवताराने १९५४ मध्ये कादंबरीचा पुरस्कार सुरू केला.

योगायोग पाहा. आपल्या साहित्य अकादमीचे उद्घाटनही १९५४ मधलेच. पण अकादमी प्रत्येक भाषेला स्वतंत्र पुरस्कार देते. 'निन'चे मंडळ मात्र वर्षाला एकच कादंबरी निवडी, आणि ती 'युगोस्लाव्ह कादंबरी' म्हणून निवडी. हे शक्य झाले ते एका समजुतीमुळे. सर्ब, क्रोएट, बोस्नियातले मुसलमान आणि मॉन्टेनेग्रोतले लोक मिळून एकच भाषा बोलतात, तिचे नाव सर्बो-क्रोएशियन, अशी ती समजूत होती. १९५४ च्या डिसेंबरात नोव्ही साद या शहरात लेखक आणि भाषापंडित एकत्र आले व त्यांनी तसा करारच केला. भाषा एक, उच्चारांच्या पद्धती दोन, लिप्याही दोन, सिरिलिक आणि रोमन, आणि दोन्हींचा मान सारखा. पुरस्कार आणि करार एकाच वर्षी जन्मले, आणि पुरस्काराचे पुढचे नशीब त्या कराराच्या नशिबाशी बांधले गेले. स्लोव्हेनियन आणि मॅसेडोनियन या भाषा वेगळ्याच होत्या, त्यामुळे त्या भाषांतले लेखक विजेत्यांच्या यादीत दिसत नाहीत. 'संपूर्ण देशाचा' म्हणवणारा पुरस्कार पहिल्या दिवसापासूनच संपूर्ण देशाचा नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पहिला पुरस्कार मिळाला दोब्रित्सा चोसिच याच्या 'मुळे' या कादंबरीला. लेखकाचे वय त्या वेळी तिशीच्या थोडे पुढे. महायुद्धात तो पार्टिझन, म्हणजे टिटोंच्या फौजेबरोबर होता, आणि पक्षाचा सदस्य होता. कादंबरी मात्र युद्धाची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे सर्बियन खेडे, तिथला कातिच नावाचा शेतकरी पुढारी, आणि पॅरिसहून शिकून आलेला, बापाच्या राजकारणाला नकार देणारा त्याचा मुलगा, अशी ती गोष्ट आहे. याच वर्षी इव्हो आंद्रिच याचे 'शापित अंगण' हे छोटेखानी पुस्तकही प्रसिद्ध झाले होते. त्याला 'निन' मिळाला नाही. सात वर्षांनी आंद्रिचला नोबेल पारितोषिक मिळाले. युगोस्लाव्हियाच्या या एकमेव नोबेल विजेत्या साहित्यिकाचे नाव देशातल्या सर्वांत मानाच्या कादंबरी-पुरस्काराच्या यादीत नाही. त्याची 'द्रीना नदीवरील पूल' ही गाजलेली कादंबरी १९४५ ची, म्हणजे पुरस्काराच्या आधीची. पुरस्कारांच्या याद्या वाचताना जी नावे तिथे नाहीत तीही वाचायची असतात, हा पहिला धडा.

दुसरा धडा ऑस्कर दाविचोचा. हा मूळचा अतिवास्तववादी कवी. महायुद्धापूर्वीच्या राजवटीत कम्युनिस्ट म्हणून त्याने तुरुंगवास भोगला होता. 'निन' पुरस्कार तीन वेळा मिळवणारा तो एकमेव लेखक : १९५६, १९६३ आणि १९६४. अकरा वर्षांत तीनदा! आज मात्र त्याचे नाव कादंबरीकारापेक्षा कवी म्हणूनच अधिक घेतले जाते. त्या काळात क्रांतीच्या बाजूचा, पण लिहिण्यात आधुनिक असा लेखक मंडळाला हवा होता, आणि दाविचो दोन्ही कसोट्यांना उतरत होता. मंडळाला त्या काळाची आवड होती, पुढच्या काळाची कशी असणार? मात्र एका गोष्टीचे श्रेय मंडळाला दिले पाहिजे. १९५९ साली पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. नवा पुरस्कार, पाच वर्षांचे वय, आणि तरीही 'यंदा कोणी नाही' म्हणण्याची हिंमत. पुरस्काराचा दरारा अशा नकारांतूनही तयार होतो.

साठीच्या दशकात यादी खरोखर देशव्यापी झाली. १९६२ मध्ये क्रलेझाच्या 'झेंडे' या कादंबरीला पुरस्कार मिळाला, १९६५ मध्ये क्रोएशियाच्याच रान्को मारिन्कोविच याच्या 'सायक्लॉप्स'ला. पुरस्कार देणारे बेलग्रेडचे, घेणारे झाग्रेबचे, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. परंतु १९६७ च्या मार्चमध्ये झाग्रेबच्या संस्थांनी आणि लेखकांनी एक जाहीरनामा काढला : आमच्या भाषेचे नाव क्रोएशियन आहे, आणि तिला तो दर्जा मिळाला पाहिजे. त्यावर सही करणाऱ्यांत क्रलेझाही होता. पक्षाच्या मध्यवर्ती समितीतले आपले स्थान त्याने या प्रकरणात सोडले. पाच वर्षांपूर्वी 'युगोस्लाव्ह कादंबरी'चा मान स्वीकारणारा लेखक त्या मानाच्या पायाखालचा करारच आपल्याला मान्य नाही, असे सांगत होता. नोव्ही सादच्या कराराला पहिला तडा गेला तो असा.

याच सुमारास यादीतली कदाचित सर्वांत मोठी कादंबरी आली. १९६६ मधली मेशा सेलिमोविच याची 'दर्विश आणि मृत्यू'. कथानक ऑटोमन अमलातल्या बोस्नियात घडते. अहमद नुरुद्दीन हा दर्विशांच्या एका मठाचा प्रमुख शेख. त्याच्या भावाला राजसत्ता पकडून नेते. कशासाठी, ते कोणी सांगत नाही. आयुष्यभर ईश्वरी न्यायाची प्रवचने करणाऱ्या शेखला आता ठरवायचे आहे : भावासाठी दारोदार जायचे, की व्यवस्थेवर विश्वास ठेवून गप्प बसायचे? तो कचरतो, आणि भाऊ जातो. पुढे सूडाच्या ओघात शेख स्वतःच न्यायाधीश होतो आणि ज्या यंत्राने भावाला गिळले त्याच यंत्राचा भाग बनतो.

ही गोष्ट जुन्या काळाची, पण तिचा उगम लेखकाच्या घरातला. सेलिमोविचचा जन्म १९१० चा, तुझ्ला गावच्या मुसलमान कुटुंबातला. महायुद्धात हे भाऊ-भाऊ पार्टिझनांच्या बाजूने होते. १९४४ च्या अखेरीस सेलिमोविचच्या सख्ख्या भावाला पार्टिझनांनीच गोळ्या घालून मारले. आरोप काय, तर जप्त मालाच्या गोदामातून घरासाठी काही सामानसुमान नेले. म्हणजे शत्रूने नव्हे, आपल्याच माणसांनी, जो न्याय आणण्यासाठी लढत होते त्या न्यायाच्या नावाने, एका खाट-कपाटासाठी माणूस मारला. सेलिमोविच पक्षातच राहिला. वीसहून अधिक वर्षे हे दुःख त्याने मनात बाळगले आणि मग ते दोन-अडीचशे वर्षे मागे नेऊन, दर्विशाच्या तोंडून सांगितले. ज्याला समजायचे त्याला समजले. ऐतिहासिक कादंबरी ही भूतकाळात पळून जाण्याची वाट असते, असे आपण पुष्कळदा म्हणतो. इथे ती वर्तमानाबद्दल बोलण्याची एकमेव मोकळी वाट होती. आणि त्या पुस्तकाला पक्षाच्या राज्यात, सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभीची तीन वर्षे तर या यादीचा कळसच म्हणावी लागतील. १९७० मध्ये बोरिस्लाव्ह पेकिच, १९७१ मध्ये मिलोश त्सर्न्यान्स्की, १९७२ मध्ये दानिलो किश. तिघांच्याही आयुष्यावर राजकारणाचा ओरखडा होता.

पेकिच तरुणपणी एका लोकशाहीवादी गटात होता. १९४८ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि पाच वर्षांनी माफी मिळाली. त्याच्या कादंबरीचा नायक आर्सेनिये न्येगोव्हान हा बेलग्रेडचा वृद्ध घरमालक आहे. १९४१ पासून तो घराबाहेरच पडलेला नाही. आपली घरे, ज्यांना त्याने माणसांसारखी नावे दिली आहेत, ती अजून आपलीच आहेत अशी त्याची समजूत. मधल्या काळात क्रांती झाली, मालमत्ता गेली, हे घरातल्यांनी त्याला सांगितलेलेच नाही. १९६८ मध्ये तो बाहेर पडतो. पुरस्कारानंतर पेकिच १९७१ मध्ये लंडनला गेला आणि पुढची बरीच वर्षे तिथूनच लिहीत राहिला.

त्सर्न्यान्स्कीचा प्रवास उलट दिशेचा. तो महायुद्धापूर्वीच्या राजवटीचा मुत्सद्दी. युद्धानंतर मायदेशी परतणे त्याला शक्य नव्हते, म्हणून तो लंडनमध्ये राहिला. एवढा मोठा कवी आणि कादंबरीकार तिथे एका जोड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत असे. १९६५ मध्ये तो बेलग्रेडला परतला. त्या वेळी तो सत्तरीच्या पुढे होता. 'लंडनची कादंबरी' या पुस्तकात त्याने नायक केला तो रेपनिन नावाचा एक रशियन निर्वासित सरदार. पण वाचकांनी त्या रशियन माणसाच्या अंगावरचा कोट कोणाचा आहे हे ओळखले. ज्या राज्याने त्याला एकेकाळी शत्रू मानले होते, त्याच राज्यात त्याला हा मान मिळाला.

किशची गोष्ट याहून वेगळी. त्याचा जन्म १९३५ चा, सुबोतित्सा या हंगेरीच्या सीमेजवळच्या गावचा. वडील ज्यू, रेल्वेतले अधिकारी. रेल्वे, जहाज, विमान यांच्या वेळापत्रकाचे एक मोठे पुस्तक त्यांनी तयार केले होते. १९४४ मध्ये त्यांना आऊशवित्झला नेले गेले आणि ते परत आले नाहीत. त्यांचे एप्रिल १९४२ मधले एक पत्र किशकडे राहिले होते. 'वाळूचे घड्याळ' ही कादंबरी म्हणजे त्या एका पत्राचा उलगडा आहे. एका माणसाच्या कुटुंबातल्या कुरबुरी, पैशांची चणचण, खाण्याचे हाल, आणि त्या सगळ्याच्या मागे जवळ येत चाललेला मृत्यू. पत्र छापले आहे ते अगदी शेवटी. तोवर वाचकाला त्यातली प्रत्येक ओळ कुठून आली हे कळलेले असते.

या कादंबरीला मिळालेला पुरस्कार किशने काही वर्षांनी राजकीय वादातून परत केला. १९७६ मध्ये त्याचे 'बोरिस दाविदोविचची समाधी' हे कथांचे पुस्तक आले होते. विषय होता स्टालिनच्या छळछावण्यांत क्रांतीनेच गिळलेल्या क्रांतिकारकांचा. त्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला. किश जुन्या कागदपत्रांचा, आठवणींचा वापर उघडपणे करत असे, आणि तसे करणे हीच त्याची लेखनपद्धती होती. आरोप मात्र साहित्यापुरता राहिला नाही. लेखकसंघातली गटबाजी, राष्ट्रवाद, ज्यू असण्याबद्दलचे टोमणे, सगळे त्यात मिसळले. किशने १९७८ मध्ये 'शरीरशास्त्राचा तास' हे अख्खे पुस्तक लिहून उत्तर दिले आणि आरोपकर्त्यांची चिरफाड केली. त्यानंतर तो पॅरिसला जाऊन राहिला. १९८९ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. पुरस्कार परत गेला, तरी यादीतले नाव पुसले गेले नाही. आजही 'निन'चा मोठेपणा सांगायचा झाला की लोक आधी किशचे नाव घेतात. परत केलेल्या पुरस्कारानेच पुरस्काराची शोभा वाढावी, यातला विरोधाभास तुमच्या लक्षात आलाच असेल.

टिटोंचा मृत्यू १९८० च्या मे महिन्यात झाला, आणि जे बोलायचे नाही ते बोलले जाऊ लागले. युगोस्लाव्हियाचे सर्वांत जपलेले गुपित होते 'गोली ओतोक', म्हणजे 'उघडे बेट'. १९४८ नंतर स्टालिनचे पक्षपाती असल्याच्या संशयावरून हजारो कम्युनिस्टांना एड्रियाटिक समुद्रातल्या या खडकाळ बेटावर डांबले गेले. तिथे दगड फोडायचे आणि एकमेकांना मारायचे, अशी शिक्षा होती. द्रागोस्लाव्ह मिहाइलोविच हा तरुणपणी त्या बेटावर राहून आलेला लेखक. १९६८ मधल्या त्याच्या 'भोपळे फुलले तेव्हा' या छोट्या कादंबरीत त्या काळातल्या अटकांचा उल्लेख होता. तिचे नाटक झाले, टिटोंनी जाहीर नापसंती दाखवली, आणि १९६९ मध्ये नाटक बंद पडले. त्या पुस्तकाला 'निन' नव्हता. पण १९८२ मध्ये आन्तोनिये इसाकोविच याच्या 'क्षण दोन' या पुस्तकाला पुरस्कार मिळाला. त्याचा विषय थेट तेच बेट होता आणि टिटोंच्या हयातीत ते प्रसिद्ध होऊ शकले नव्हते. लगेच पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, मिहाइलोविचच्या वेगळ्या कादंबरीला पुरस्कार मिळाला. देशाने आपला अपराध न्यायालयात कबूल केला नाही. त्याची नोंद झाली ती कादंबऱ्यांत.

१९८४ चे पुस्तक तर जगभर पोचले. मिलोराद पाविच याचा 'खझारांचा कोश'. कादंबरी, पण शब्दकोशाच्या रूपात लिहिलेली. कुठूनही उघडा, कशीही वाचा. खझार या लुप्त झालेल्या जमातीने कोणता धर्म स्वीकारला, याबद्दल ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू अशा तीन परंपरा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या, एक पुरुष-प्रत आणि एक स्त्री-प्रत, आणि दोहोंत फरक फक्त एका परिच्छेदाचा. अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली. कोणी तिला निव्वळ चातुर्याचा खेळ म्हणाले. काहींना मात्र तीन कोशांच्या तीन सत्यांत स्वतःच्या देशाचे चित्र दिसले.

१९८८ मध्ये, म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यानंतर तब्बल चौतीस वर्षांनी, यादीत पहिली स्त्री आली. दुब्राव्का उग्रेशिच. ती झाग्रेबची. एका आंतरराष्ट्रीय साहित्य-मेळाव्याची टवाळी करणारी तिची कादंबरी होती. बेलग्रेडने झाग्रेबच्या लेखिकेला हा मान देण्याची ती वेळ जवळजवळ शेवटचीच ठरली. तीन वर्षांत, १९९१ च्या जूनमध्ये, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. उग्रेशिचने दोन्हीकडच्या राष्ट्रवादावर टीका केली. त्याबद्दल १९९२ मध्ये तिला आणि इतर काही लेखिकांना क्रोएशियातल्या वृत्तपत्रांनी 'चेटकिणी' ठरवले. १९९३ मध्ये तिने देश सोडला. पुढे ती ॲमस्टरडॅममध्ये राहिली आणि २०२३ मध्ये तिथेच वारली.

आणि दोब्रित्सा चोसिच? यादीतले पहिले नाव. १९६१ मध्ये त्याला दुसऱ्यांदा पुरस्कार मिळाला होता. पुढे तो पक्षापासून दूर गेला आणि ऐंशीच्या दशकात सर्बियन राष्ट्रवादाचा मोठा प्रवक्ता मानला जाऊ लागला. १९९२ मध्ये सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढ्याच उरलेल्या युगोस्लाव्हियाचा तो पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. वर्षभरात त्याला पद सोडावे लागले. म्हणजे 'युगोस्लाव्ह कादंबरी'चा पहिला विजेता त्या मोडक्या घराचा मालक म्हणून काही काळ बसला. साहित्यिक मंडळी नेहमीच माणसे जोडतात, असे आपण सभासंमेलनांतून म्हणतो. युगोस्लाव्हियाचा इतिहास सांगतो की ती माणसे तोडूही शकतात. लेखकांचे शब्द तिथे सैनिकांच्या आधी सीमेवर पोचले होते.

देश फुटल्यावर पुरस्काराचा अर्थच बदलला. सर्बो-क्रोएशियन या एका नावाच्या जागी आज सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन अशी चार नावे आहेत. बोलणारे एकमेकांचे बोलणे दुभाष्याशिवाय समजतात, तरी नावे चार. 'निन' आता सर्बियन भाषेतल्या कादंबरीचा पुरस्कार झाला. युद्धाच्या त्या अंधाऱ्या वर्षांत, १९९४ चा मान मिळाला व्लादिमीर आर्सेनियेविच या नवख्या लेखकाला, त्याच्या पहिल्याच कादंबरीसाठी. इतक्या तरुण वयात तोवर कोणालाच तो मिळाला नव्हता. विषय होता १९९१ च्या शरद ऋतूतले बेलग्रेड. एक तरुण जोडपे, पोटात मूल, आणि घरोघर येणारी लष्करभरतीची समन्से. रणांगण कादंबरीत जवळजवळ नाहीच. मरणाच्या बातम्या तेवढ्या येत राहतात. १९९६ चा विजेता दाविद आल्बाहारी तोवर कॅनडात स्थलांतरित झाला होता. त्याच्या 'आमिष' या कादंबरीत परदेशी गेलेला मुलगा मृत आईच्या आवाजाच्या ध्वनिफिती ऐकत बसतो. आईने सोसलेले महायुद्ध आणि मुलाने सोडलेला देश, दोन्ही एकाच भाषेत, आणि ती भाषा ऐकायला आसपास कोणी नाही.

२००० नंतर नवी नावे आली. निकोला टेस्ला या विद्युतशास्त्रज्ञाच्या आयुष्यावरची व्लादिमीर पिश्तालोची कादंबरी २००८ मध्ये निवडली गेली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. द्रागान वेलिकिच आणि स्वेतिस्लाव्ह बासारा यांना दोन-दोनदा मान मिळाला. उग्रेशिचनंतर स्त्रियांची वाट हळूहळू रुंदावली : १९९५ मध्ये स्वेत्लाना वेल्मार-यान्कोविच, मग २००९ आणि २०१० मध्ये लागोपाठ दोघी. २०२१ मध्ये मिलेना मार्कोविचच्या 'मुले' या पुस्तकाला पुरस्कार मिळाला तेव्हा वाद झडला, कारण ही कादंबरी चक्क पद्यात आहे. पुढच्याच वर्षी दानित्सा वुकिचेविच निवडली गेली.

भांडणे थांबली असे मात्र नाही. २०२० मध्ये निवड-मंडळावर नाराज होऊन काही लेखकांनी, आम्ही आमच्या कादंबऱ्या या पुरस्कारासाठी पाठवणार नाही, असे जाहीर केले. पुढे साप्ताहिकाची मालकी बदलली. संपादकवर्गातली मंडळी बाहेर पडली आणि २०२४ मध्ये त्यांनी 'रडार' नावाचे नवे साप्ताहिक काढले. पुरस्कार 'निन'कडेच राहिला. देश गेला, भाषेचे नाव गेले, संपादक गेले, पण जानेवारीतला तो प्रश्न कायम राहिला.

आता पुन्हा सेलिमोविचकडे वळतो, कारण खरा पेच तिथे आहे. १९७६ मध्ये त्याने सर्बियन अकादमीला एक पत्र लिहून कळवले की आपण बोस्नियातल्या मुसलमान घराण्यातले असलो तरी आपण सर्बियन साहित्याचे आहोत. १९८२ मध्ये तो बेलग्रेडलाच वारला. आज बोस्नियातले लोक त्याला आपला थोर लेखक मानतात आणि सर्बियातलेही मानतात. कोण चूक? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. कादंबरी जमिनीसारखी वाटून घेता येत नाही. दोघांनी ती आपापल्या शाळांत शिकवली तर कोणाच्याच वाट्याची कमी होत नाही.

'निन'च्या यादीवर आक्षेप पुष्कळ घेता येतील. आंद्रिच नाही, चौतीस वर्षे एकही स्त्री नाही, एका लेखकाला तीनदा मान आणि कित्येक चांगल्यांना एकदाही नाही. ते सगळे खरे आहे. पण राजकारण्यांनी नकाशे पुन्हा पुन्हा काढले, शाळेतली इतिहासाची पुस्तके पुन्हा पुन्हा लिहिली गेली, रस्त्यांची नावे बदलली. ही एक यादी मात्र कोणी मागे जाऊन दुरुस्त केली नाही. झाग्रेबचा क्रलेझा, तुझ्लाचा सेलिमोविच, सुबोतित्साचा किश हे एकाच कागदावर एकाखाली एक राहिले. ज्या घरात ते एकदा एकत्र राहिले होते ते घर पडले. पण कोण कोण तिथे राहत होते याची नोंद शिल्लक आहे.

आणि ती नोंद अजून पुरी झालेली नाही. २०२३ चा विजेता स्तेवो ग्राबोवात्स सर्बियात राहत नाही. तो बोस्नियातल्या बान्या लुका शहराचा. त्याच्या कादंबरीच्या नावातला 'नंतर' या अर्थाचा शब्दही तो पश्चिमेकडच्या वळणाने लिहितो, 'पोस्लिये'. बेलग्रेडचा माणूस म्हणेल 'पोस्ले'. निवड-मंडळाने तो शब्द तसाच राहू दिला. १९५४ च्या करारात ज्या दोन उच्चारांना सारखा मान द्यायचे ठरले होते, त्यांपैकीच हा एक. करार केव्हाच संपला. शब्द मात्र सीमा ओलांडून बेलग्रेडला आला, आणि तिथल्या वाचकांना तो समजला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)